झाड क्रमांक सतरा

चिखलदऱ्याच्या अलीकडे, जिथं एसटी पहिल्या गिअरमध्ये कण्हते,
तिथून दीड तास पायी
माझे साठ ऐन, चाळीस हिरडे.
प्रत्येकाला पत्र्याचा बिल्ला,
छातीच्या उंचीवर खडूची चौकट, वीस बाय वीस.
चौकटीत उगवेल ते माझ्या पीएच.डी.चं,
बाकी झाड जंगलाचं.

शैवाक. अर्धी बुरशी, अर्धं शेवाळ,
कोण कुणाकडे राहायला आलं ते अजून ठरलेलं नाही.
वाढतं वर्षाला तीन-चार मिलिमीटर,
तेही मनात आलं तर.
मी भिंग लावून दोन वर्षं
त्याच्या कडेला कड मोजत बसले.
बाटू मावस्कर पाठीमागे उभा,
अस्वलाकडे कान ठेवून.

तिसऱ्या वर्षी, फेब्रुवारीत, सतरा नंबरची चौकट शाबूत होती.
आत काही नव्हतं.
सालीवर विळ्याचे ओरखडे, ताजे, तांबूस.
अठरा तशीच. बावीस. एकतीस.
बाटूनं आधीच बांधलेली बुटाची नाडी
पुन्हा बांधायला घेतली.

अमरावतीहून सरांचा फोन:
चार झाडं गाळून टाका. आलेख सरळ येईल.

फुलकाय बेठेकरच्या अंगणात चटईवर वाळत होतं,
करडं, काळं, खालून पांढुरकं,
बिल्ल्यांशिवाय.
मी त्यातली तीन नावानं ओळखली, लॅटिन नावानं,
आणि मला रडू यायच्या बेतात असताना तिनं चहा ठेवला.
परतवाड्याचा माणूस शनिवारी येतो, म्हणाली.
किलोवर घेतो.

“पुरं काढत नाई मी, बाई.
उगवतीकडचं राखतो.
नाईतं झाडाले थंडी वाजते.”

आणि मग, साखर ढवळत, सहज:
“तुमच्या बिल्ल्याचं झाड मी तीनदा काढलं.
लग्नाच्या साली.
मंग पोरगी साळंत गेली तवा.
अन् आता, ती बारावीले हाय.
त्याच्या मंधात गेलं तं हाताले निस्ता भुसा लागते.”

त्या रात्री फॉरेस्टच्या खोलीत
कंदिलाला चिकटलेले किडे झटकत मी हिशोब केला.
दोन वर्षांच्या मिलिमीटरांवरून ओढलेली माझी रेघ
पुढं वाढवत नेली
तर ती फुलकायच्या पोरीच्या शाळेजवळून जात होती.
अगदी जवळून नाही.
दारावरून.

मग झोप येईना.
अंजनगावला बाबांचं किराणा दुकान.
उंच फळीवर, तमालपत्राच्या शेजारी, एक गोणी,
जिच्यात हात घातला की मला शिंका यायच्या.
दगडफूल, छटाकभर, कागदाच्या पुडीत.
मी पुडीला दोरा गुंडाळायचे, गाठ पक्की मारायचे.
गोणी परतवाड्याहून यायची, एवढं माहीत होतं.
परतवाड्याला ती कुठून येते
हे विचारायला मला
दोन पदव्या आणि एक शिष्यवृत्ती लागली.

प्रबंधाच्या तक्त्यात चार रकाने मी रिकामे ठेवले नाहीत.
स्रोत: फुलकाय बेठेकर, तोंडी.
सरांनी ‘तोंडी’भोवती लाल गोल काढला,
बाजूला लिहिलं, नमुने किती?
मी लिहिलं, एक आयुष्य, चालू आहे.
मग खोडलं.
मग लिहिलं, तीन तोडण्या.
त्यावर त्यांनी बराच वेळ काही लिहिलं नाही,
आणि ते पान तसंच परत आलं.

शेवटच्या फेरीला फुलकाय सोबत आली.
सतरा नंबरच्या उगवत्या अंगाला
तळहाताएवढं राखलेलं होतं,
ओठ दुमडल्यासारख्या कडा.
मी खडूनं चौकट पुन्हा आखली.
ती माझ्या पट्टीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

“किती वर्सं येता तुमी इथं?”

मार्चपर्यंत, मी म्हणाले, निधी तेवढाच आहे.

तिनं बोटानं खोडावरची धूळ फुंकरल्यासारखी हलकेच पुसली.

“मंग कसं दिसन तुमाले?”